असिसीकर संत फ्रान्सिस ह्यांचें हरवलेलें थडगें

(धर्मग्रामाच्या जुबिली महोत्सवांत दिलेलें भाषण)



जुबिलीच्या ह्या मंगल प्रसंगीं थडग्याविषयीं बोलण्यास उभा राहणारा वक्ता कोणास विचित्र वाटेल. परंतु जुबिली म्हणजे स्मरणाचा उत्सव. आणि स्मरण म्हटलें कीं, ज्यांनीं पाया घातला ते कोठें विसावले आहेत, हा प्रश्न मनांत आल्यावांचून राहत नाहीं. आज हा प्रश्न मी एका थोर संस्थापकाविषयीं विचारणार आहें. असिसीकर संत फ्रान्सिस ह्यांच्या मृत्यूला २०२६ सालीं आठशें वर्षें पूर्ण होतात. ह्या आठशें वर्षांपैकीं जवळजवळ सहाशें वर्षें त्यांचा देह नेमका कोठें ठेविला आहे, हें त्यांच्या स्वतःच्या संघालाही ठाऊक नव्हतें. ही गोष्ट कशी घडली, तीविषयीं काय काय दंतकथा उठल्या, शेवटीं सत्य कसें उजेडांत आलें, आणि आपल्यासारख्या दूरच्या ख्रिस्ती लोकांस त्यापासून काय घेण्यासारखें आहे, हें आपण क्रमानें पाहूं.

१२२६ सालच्या ३ ऑक्टोबरच्या सायंकाळीं, असिसी नगराच्या खालच्या मैदानांत, पोर्सिउंकुला नांवाच्या लहानशा देवालयाजवळ फ्रान्सिस ह्यांनीं देह ठेविला. वय अवघें चव्वेचाळीसच्या सुमाराचें. जन्मभर ज्यांनीं आपलें म्हणून कांहीं ठेविलें नाहीं, त्यांनीं मरणसमयींही आपणांस उघड्या भूमीवर निजवावें अशी इच्छा दर्शविली. परंतु ह्या अकिंचन मनुष्याच्या देहावर नजर ठेवणारे लोक पुष्कळ होते. मृत्यूपूर्वीं कांहीं आठवडे ते परगांवीं आजारी असतां असिसीच्या नागरिकांनीं हत्यारबंद स्वार पाठवून त्यांस आडवाटेनें घरीं आणिलें. शेजारच्या पेरुजा नगराचे व असिसीचें जुनें वैर होतें, आणि पेरुजाकर वाटेंतच त्यांस अडवून ठेवतील अशी भीति होती. घरीं आणिल्यावर बिशपांच्या वाड्याभोंवतीं रात्रीचा पहारा बसविला गेला. जिवंत मनुष्यावर हा पहारा नव्हता. उद्यां जो संत म्हणून पूजिला जाणार त्याच्या देहावर तो होता!

आपल्याला ह्याचें हंसूं येईल. परंतु त्या काळचें जग समजून घेतलें पाहिजे. संताचे अवशेष म्हणजे नगराचें संरक्षण, रोग्यांची आशा, यात्रेकरूंची रीघ, आणि खरें सांगावयाचें तर बाजारपेठेची भरभराटसुद्धां. ज्या गांवीं संताचें थडगें, त्या गांवाला मान. म्हणून भक्ति आणि लोभ हीं दोन्हीं एकाच दारानें आंत येत असत, आणि त्यांत कोणतें कोणतें हें ओळखणें सोपें नसे.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मिरवणुकीनें देह नगरांत नेण्यांत आला. वाटेंत सान दामियानोच्या मठापाशीं मिरवणूक थांबली, आणि संत क्लारा व तिच्या भगिनींनीं आपल्या आध्यात्मिक पित्याचें शेवटचें दर्शन घेतलें. मग संत जॉर्ज ह्यांच्या देवालयांत देह पुरण्यांत आला. ह्याच देवालयापाशीं फ्रान्सिस लहानपणीं अक्षरें शिकले होते. दोन वर्षांच्या आंत, १६ जुलै १२२८ रोजीं, पोप नववे ग्रेगरी ह्यांनीं स्वतः असिसीस येऊन त्यांस संतपद दिलें, आणि दुसऱ्याच दिवशीं नव्या भव्य देवालयाची कोनशिला बसविली. जागा निवडली होती नगराच्या पश्चिम टोंकास असलेल्या एका उताराची. त्या टेकडीस लोक ‘नरक-टेकडी’ म्हणत; तेथें गुन्हेगारांस फांशीं देत असत अशी परंपरा आहे. फ्रान्सिस ह्यांनींच आपणांस त्या तिरस्कृत जागीं पुरावें असें सांगितलें होतें, असेंही पुढें म्हणूं लागले. त्या दिवसापासून तिचें नांव ‘स्वर्ग-टेकडी’ झालें.

येथेंच पहिला वाद उत्पन्न झाला. फ्रान्सिस ह्यांनीं आपल्या मृत्युपत्रांत बंधूंस स्पष्ट बजाविलें होतें कीं, पवित्र दारिद्र्यास न शोभणारीं देवालयें अथवा घरें त्यांनीं स्वीकारूं नयेत. आणि आतां त्यांच्याच अस्थींवर असें देवालय उठत होतें कीं, ज्याच्या तोडीचीं त्या प्रदेशांत थोडींच असतील! बांधकामाची सर्व जबाबदारी एलियास बंधूंवर होती. ते फ्रान्सिस ह्यांचे विश्वासू साथी, मोठे कर्तबगार आणि खटपटी पुरुष. त्यांनीं दानासाठीं ठेविलेलें संगमरवरी पात्र दुसरे साथी लिओ बंधु ह्यांनीं रागानें फोडून टाकिलें, अशी कथा संघांत सांगितली जाते. ती अक्षरशः घडलेली असो वा नसो, दोन पक्षांच्या मनांतील दुःख तींत बरोबर उतरलें आहे. एक म्हणे, आमच्या पित्याचा योग्य सन्मान झाला पाहिजे. दुसरा म्हणे, सन्मानाच्या नांवाखालीं तुम्ही त्यांस दुसऱ्यांदां पुरीत आहां. दोघांचेंही प्रेम खरें होतें, हीच ह्या वादाची कठीण बाजू.

१२३० सालच्या पेंतेकोस्त सणाच्या पूर्वदिवशीं, म्हणजे २५ मे रोजीं, देह नव्या देवालयांत नेण्याचा समारंभ ठरला. संघाची महासभा भरलेली, दूरदूरच्या देशांतून बंधु आलेले, रस्ते माणसांनीं फुललेले. मिरवणूक देवालयाजवळ पोहोंचते न पोहोंचते तोंच नगराच्या अधिकाऱ्यांनीं हत्यारबंद शिपायांसह पुढें होऊन शवपेटी आपल्या ताब्यांत घेतली, ती आंत नेली, दारें लावून घेतलीं, आणि कोणासही न दाखवितां कोठेंतरी गुप्तपणें पुरून टाकिली. दुसऱ्या एका जुन्या वृत्तान्तांत तर असें आहे कीं, बंधु जमण्याच्या तीन दिवस आधींच हें काम उरकलें गेलें होतें. दोन्ही वृत्तान्तांत फरक असला तरी एक गोष्ट दोहोंत सारखी आहे: ज्यांनीं पाहावें म्हणून शेंकडों कोस चालून आले, त्यांनीं कांहींएक पाहिलें नाहीं. पोप ग्रेगरी ह्यांस ही वार्ता कळतांच ते अत्यंत संतापले, आणि १६ जून रोजीं त्यांनीं कडक पत्र लिहून असिसीच्या अधिकाऱ्यांस ह्या पवित्र कार्याचा विटाळ केल्याबद्दल दोष दिला.

ही लपवाछपवी कां? इतिहासानें ह्याचें उत्तर एका वर्षांतच दिलें. १३ जून १२३१ रोजीं पादुआ नगराजवळ संत अंतोनी मरण पावले. आपणां सर्वांचे लाडके तेच संत अंतोनी! त्यांचा देह कोणी ठेवावा ह्यावरून एका वस्तीचे लोक हत्यारें घेऊन उठले, आणि कित्येक दिवस तंटा चालून मग कोठें त्यांस पादुआंत माती मिळाली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत हंगेरीच्या संत एलिझाबेथ निवर्तल्या, तेव्हां भाविकांनीं त्यांच्या देहावरील वस्त्राचे तुकडे, केस व नखेंसुद्धां कापून नेलीं. असिसीकरांची भीति खोटी नव्हती. त्यांनीं आपल्या संतास चोरांपासून वांचविलें. फक्त त्यासाठीं त्यांस भक्तांपासूनही चोरून ठेवावें लागलें.

त्यानंतर शतकांमागून शतकें गेलीं. देह ह्याच देवालयांत खालीं कोठेंतरी आहे, एवढें सर्वांस ठाऊक. नेमका कोठें, हें सांगणारा कोणी उरला नाहीं. १४४२ सालीं सेनापति निकोलो पिचिनिनो ह्यानें असिसी जिंकून लुटली, त्या वेळीं पेरुजाकरांनीं संताचा देह आपल्या नगरास मिळावा अशी खटपट केली, पण पोप चौथे यूजीन ह्यांनीं तिला संमति दिली नाहीं, असें सांगतात. पहाऱ्यानें जें राखिलें तें अज्ञानानें अधिकच राखिलें.

जेथें ज्ञान संपतें तेथें कल्पना आपला दिवा लाविते. लोक सांगूं लागले कीं, खालच्या देवालयाच्याही खालीं तिसरें एक गुप्त देवालय आहे, सुंदर खांबांचें व चित्रांचें. तेथें संत फ्रान्सिस निजलेले नाहींत. ते आपल्या पायांवर उभे आहेत, डोळे स्वर्गाकडे लावून, आणि हातापायांवरील ख्रिस्ताच्या जखमा अजून ताज्या आहेत. पोप पांचवे निकोलस १४४९ सालीं रात्रीं मशालीच्या उजेडांत खालीं उतरले व त्यांनीं हा चमत्कार प्रत्यक्ष पाहिला, अशीही कथा पसरली. स्पेनचा प्रसिद्ध चित्रकार सुर्बारान ह्यानें सतराव्या शतकांत हाच प्रसंग मनांत धरून उभ्या संताचीं चित्रें काढिलीं. अंधारांत, टोपडें डोक्यावर ओढून, वर पाहत उभी असलेली ती मूर्ति ज्यानें पाहिली असेल तो ती सहसा विसरणार नाहीं. कथा म्हणून ती मनोहर आहे. परंतु मनोहर गोष्ट आणि खरी गोष्ट ह्या प्रत्येक वेळीं एकच असतात असें नाहीं.

शेवटीं १८१८ सालीं पोप सातवे पायस ह्यांच्या परवानगीनें संघानें खोदकाम हातीं घेतलें. तें रात्रीं चाले, गाजावाजा न करितां. मुख्य वेदीच्या खालीं अखंड खडक लागला. बावन्न रात्री कामगार तो फोडीत होते. १२ डिसेंबर १८१८ रोजीं ते दगडाच्या एका ओबडधोबड पेटीपाशीं पोहोंचले. तिच्या वर जड शिळा होत्या, आणि पेटीभोंवतीं लोखंडी गजांची मजबूत जाळी होती. आंत एका मनुष्याचा सांगाडा होता. त्याजबरोबर कांहीं जुनीं चांदीचीं नाणीं, मणी आणि एक अंगठी. तिसरें देवालय नव्हतें. उभी मूर्ति नव्हती. उघडे डोळे नव्हते. आपल्यासारख्याच एका मर्त्य मनुष्याचीं हाडें, निजलेलीं.

बंधुभगिनींनो, ह्या ठिकाणीं क्षणभर थांबा. पवित्र सभेपुढें आतां दोन मोह होते. पहिला मोह असा कीं, इतक्या शतकांच्या उत्कंठेनंतर पेटी सांपडली, तर घंटा वाजवून तीच ती म्हणून जाहीर करावें. दुसरा मोह असा कीं, लोकांच्या आवडत्या कथेला धक्का बसूं नये म्हणून पेटी पुन्हां झांकून टाकावी. पोप पायस ह्यांनीं दोन्ही टाळिले. त्रेंत येथील धर्मपरिषदेनें १५६३ सालींच ठरविलें होतें कीं, कोणतेही नवे अवशेष बिशपांनीं तपासून मान्य केल्यावांचून स्वीकारूं नयेत. त्या नियमास अनुसरून असिसीच्या व आसपासच्या बिशपांकडे चौकशी सोंपविण्यांत आली. वैद्यांनीं हाडें तपासलीं, पुराणवस्तुज्ञांनीं नाणीं व पेटी पाहिली, साक्षी घेतल्या, आणि मग रोममध्यें पुन्हां सर्व कागद तपासण्यांत आले.

पुरावा कोणता होता? जागा वेदीच्या थेट खालीं, जिवंत खडकांत. तेथें दुसऱ्या कोणास इतक्या गुप्तपणें व इतक्या बंदोबस्तानें पुरण्याचें कारणच संभवत नव्हतें. नाणीं संताच्या काळाशीं जुळणारीं होतीं. जुने लेखक देह ह्याच देवालयांत असल्याचें सांगत आले होते. सुटासुटा घेतला तर ह्यांतील एकही मुद्दा पुरेसा नाहीं. सर्व एकत्र केले म्हणजे शंकेस जागा राहत नाहीं. जवळजवळ दोन वर्षांनीं, ५ सप्टेंबर १८२० रोजीं, पोप पायस ह्यांनीं हा देह संत फ्रान्सिस ह्यांचाच असल्याचें जाहीर केलें. कथेंतील संत हरवला आणि खरा संत सांपडला. श्रद्धेचें ह्यांत कांहीं बिघडलें काय? माझ्या मतें उलट तिची प्रतिष्ठा वाढली. जी श्रद्धा चौकशीला भीत नाहीं तीच श्रद्धा म्हणण्यास पात्र. संत क्लारा ह्यांची शवपेटीही अशीच वेदीखालीं दडलेली होती. ती १८५० सालीं सांपडली.

पुढील इतिहास थोडक्यांत सांगतों. पेटीभोंवतीं खडक कोरून तळघरासारखें देवालय करण्यांत आलें. तें १८२४ सालीं पुरें झालें, परंतु त्याचा संगमरवरी थाट दारिद्र्याच्या ह्या प्रियकरास शोभत नाहीं असें पुष्कळांस वाटे. म्हणून १९२५ ते १९३२ ह्या काळांत तें काढून साध्या दगडांत नवें बांधिलें. थडग्याच्या भोंवतीं चार साथी विसावले आहेत: लिओ, रुफिनो, मासेओ व आंजेलो. दानपात्र फोडणारे म्हणून ज्यांची कथा सांगतात ते लिओ बंधु शेवटीं त्याच देवालयाच्या पोटांत आपल्या पित्याशेजारीं आले, हें पाहून मनांतला वाद शांत होतो. समोर रोमची बाई याकोबा हिच्या अस्थि आहेत; मरणाच्या शय्येवर फ्रान्सिस ह्यांस हिच्या हातच्या बदामाच्या गोड पदार्थाची आठवण झाली होती. १९७८ सालीं पोप सहावे पौल ह्यांच्या अनुज्ञेनें अस्थि पुन्हां तपासून सुरक्षित ठेवण्यांत आल्या. २६ सप्टेंबर १९९७ च्या भूकंपांत वरच्या देवालयाचें छत कोसळून चार माणसें मरण पावलीं. तळचें थडगें मात्र सुखरूप राहिलें.

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. एलियास बंधूंचें बरोबर होतें कीं लिओ बंधूंचें? मला वाटतें, थडगें लपविणाऱ्यांस जें कळलें नव्हतें तें त्यांच्या हातून देवानें घडवून आणिलें. १२३० पासून १८१८ पर्यंत, म्हणजे ५८८ वर्षें, फ्रान्सिस्कन संघास आपल्या संस्थापकाच्या थडग्यावर हात ठेवून ‘हे आमचे’ असें म्हणतां आलें नाहीं. मग हा संघ मेला काय? ह्याच शतकांत तो पृथ्वीच्या टोंकापर्यंत गेला. ह्याच शतकांत, सोळाव्या शतकाच्या मध्यास, त्याचे पाद्री वसईच्या किनाऱ्यावर उतरले. आणि ह्याच शतकांत वसईच्या एका पुत्रानें व्यापार सोडून मनिला येथें फ्रान्सिस ह्यांचा झगा अंगावर घातला, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं जपानांत नागासाकी येथें क्रुसावर प्राण दिला. १८६२ सालीं संतपदास चढलेले हे आपले संत गोन्सालो गार्सिया! त्यांच्या काळीं त्यांच्या आध्यात्मिक पित्याचें थडगें कोठें आहे हें जगांत कोणासही सांगतां आलें नसतें. त्यांस त्याची गरज पडली नाहीं. त्यांच्या हातापायांशीं खुद्द क्रूसच होता. आणि त्यांचें स्वतःचें थडगें तरी वसईंत कोठें आहे? तरीही वसई त्यांस विसरली नाहीं.

आपल्या लोकांस दुसऱ्या प्रकारचा अनुभवही आहे. संत फ्रान्सिस झेवियर ह्यांचा देह १५५४ सालीं गोव्यास आला, आणि दर दहा वर्षांनीं त्याचें जाहीर दर्शन होतें. आपल्यापैकीं कित्येकांच्या आजी-आजोबांनीं बोटीनें व बैलगाडीनें ती यात्रा केली. एका फ्रान्सिसला देवानें दाखविलें, दुसऱ्याला झांकिलें. दर्शन हें वरदान आहे; तें मिळालें तर कृतज्ञ व्हावें. न मिळालें म्हणून कोणी अनाथ होत नाहीं.

१७३९ सालीं वसईचा किल्ला मराठ्यांच्या हातीं गेला आणि फ्रान्सिस्कन पाद्री निघून गेले. किल्ल्यांतील त्यांच्या देवालयाचें छप्पर गेलें. जमिनींतल्या थडग्यांच्या शिळांवरील अक्षरें आज पाऊसच वाचतो. ज्यांनीं आपल्या पूर्वजांस बाप्तिस्मा दिला त्यांच्यापैकीं बहुतेकांचें नांवही आपणांस ठाऊक नाहीं, मग थडगें कोठून ठाऊक असणार! पण शेतावरच्या घरांत सायंकाळची जपमाळ थांबली नाहीं. दगड पडले आणि माणसें उभीं राहिलीं. म्हणूनच आज आपण जुबिली करूं शकतों.

ह्या महोत्सवांत आपण देवालयाला रंग देऊं, नांवांची शिळा बसवूं, दिवंगतांच्या क्रुसांवर फुलें वाहूं. हें सर्व योग्य आहे, आणि तें करावेंच. परंतु त्याबरोबर घरीं जातांना प्रत्येकानें एक प्रश्न मनाशीं न्यावा. आपल्या संस्थापकांचें थडगें उद्यां हरवलें, शिळेवरील अक्षरें पुसलीं, तर आपल्या वागणुकीवरून कोणास ते ओळखतां येतील काय? भाऊ भावाशीं शेताच्या बांधावरून कोर्टांत भांडत असेल, गरिबाचें ताबूत खांद्यावर घेण्यास चार माणसें मिळत नसतील, तर आपल्याकडे अस्थि असतील, संत नसतील. आणि जेथें रुसलेले शेजारी पुन्हां एका पंक्तीस बसतात, जेथें परक्या मजुराच्या आजारपणांत कोणी रात्र जागून काढितें, तेथें फ्रान्सिस खडकाखालीं दडलेले नाहींत. ते उघड्यावर चालत आहेत.

पृथ्वीनें ज्यांस सहाशें वर्षें आपल्या कुशींत झांकून ठेविलें त्या आपल्या दीन सेवकाच्या विनंतीनें परमेश्वर ह्या धर्मग्रामास शांति देवो, आपल्या दिवंगतांस, ज्यांचीं थडगीं ठाऊक आहेत त्यांस व ज्यांचीं ठाऊक नाहींत त्यांसही, सार्वकालिक विसांवा देवो, आणि पुढल्या जुबिलीस उभ्या राहणाऱ्या आपल्या नातवंडांस आपली आठवण दगडावर शोधावी न लागो. आमेन.